बुधवारच्या टेबलावरची बत्तीस चित्रं

“एकतीस.”

“परत मोजा.”

“परतच मोजली की. पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा मोजून काय त्यांना पिल्लं होणारेत?”

आक्का बोलली तोऱ्यात, पण तिसऱ्यांदा मोजायला तिची बोटं पुढं गेलीच होती. समोर निळ्या कापडाचं खोकं उघडं पडलं होतं. टेबलाभोवती नऊ माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि ग्रंथालयाचे कार्यवाह तिच्या खांद्यामागं उभे राहून जोरात श्वास सोडत होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. पाचला चित्रांची मालकीण येणार होती.

“कुठलं नाही?” कार्यवाहांनी विचारलं.

आक्कानं कागद एकेक करून उलटले. प्रत्येकाच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा होता. सोळा, सतरा, अठरा. त्याच्यापुढं वीस.

“एकोणीस.”

चित्रं याच शहरातल्या एका माणसानं केलेली. लाकडावर कोरायचं आणि काळ्या शाईनं कागदावर उठवायचं, असा त्याचा उद्योग. माणूस दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याआधीच त्याचे ठसे वाळवी लागून गेले होते, म्हणजे प्रत्येक चित्राचा उरला होता एकच कागद. ते सगळे होते त्याच्या थोरल्या बहिणीकडं. ही बहीण मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. आता निवृत्त, पण नजर अजून तशीच, समोरच्याचं नख वाढलेलं असलं तरी तिला दिसायचं. तीन वेळा तिच्या घरी जाऊन आक्कानंच तिला एका दुपारपुरती चित्रं द्यायला तयार केलं होतं. “मोजून घेते, मोजून देते,” असा शब्द दिला होता. पावतीवर सही कार्यवाहांची होती. सही करताना ते म्हणाले होते, “आक्का, यातलं एक जरी इकडचं तिकडं झालं, तर तुमचं बुधवारचं टेबल बंद. मग मला समितीपुढं तोंड उघडायला लावू नका.” समितीतल्या दोघांना टेबलाच्या खोलीत कपाटं ठेवायची होती. त्यांना निमित्तच हवं होतं.

आणि टेबल बंद म्हणजे आक्काचं काय जाणार होतं, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

आक्का खेड्यातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन शहरात आली. नवरा छापखान्यात यंत्रावर, म्हणून हिला शेजारच्या बाइंडिंगवाल्याकडं काम मिळालं. छापलेले मोठे कागद दुमडायचे, दुमडून एकात एक घालायचे, शिवायचे. अठरा वर्षं तिनं तेच केलं. हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली, आणि तिनं त्यातलं एकही वाचलं नाही. कोण मिठाईच्या दुकानात काम करतं म्हणून मिठाई खात बसतं का, असं ती विचारायची. पुढं नवरा दम्यानं गेला, बाइंडिंगवाला थकला, दुकान मिटलं. तेव्हा या कलाग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं. चित्रांची, नाटकाची, गाण्याची, विणकामाची पुस्तकं. जाडजूड, महागडी, आणि लोकांनी पानं उलटून उलटून खिळखिळी केलेली. आक्का आठवड्यासाठी आली आणि बावीस वर्षं राहिली. झाडणं, दार उघडणं, चहा आणि फाटकं सांधणं, असं तिच्या कामाचं गाठोडं.

टेबल सुरू झालं ते घड्याळवाल्या काकांमुळं. हे काका घड्याळं दुरुस्त करायचे. साठीत दृष्टी गेली. घरी सून दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावते म्हणून ग्रंथालयात येऊन बसायचे. आंधळा माणूस चित्रांच्या ग्रंथालयात काय करतो, असं लोक हसायचे. ते म्हणायचे, “इथं शांत असतं. आणि पुस्तकं मला बघत असतील की.”

एकदा आक्का पान चिकटवत होती. काकांनी विचारलं, “काय फाटलंय?”

“चित्र.”

“कसलं?”

“घोडा आहे.”

“कसा आहे?”

“कसा म्हणजे? चार पायांचा.”

“ते मलाही माहितीय, बाई. उभा आहे का पळतोय? दमलाय का? त्याच्या पाठीवर कुणी आहे का?”

आक्कानं पान उजेडाकडं धरलं. इतकी वर्षं ती फक्त फाट बघायची. कागद कुठल्या बाजूनं गेलाय, तंतू कसे ओढलेत, खळ किती लागेल. घोड्याकडं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. “उभा आहे,” ती म्हणाली, “पण एक पाय असा टेकवलाय, दुखत असल्यासारखा.”

पुढच्या बुधवारी पेन्शनीतला पोस्टमन येऊन ऐकत बसला. मग शिवणवाली आली. मग आणखी. बघता बघता नियम पडले. एकानं चित्र हातात धरायचं आणि काकांना सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. ‘सुंदर’ हा शब्द काढायचा नाही. दिसतं ते बोलायचं. सांगून झालं की चित्र काकांच्या हातात द्यायचं. ते कडेवरून बोटं फिरवायचे, कागद केवढा, जाड का पातळ ते जाणून घ्यायचे आणि डाव्या बाजूला ठेवायचे. दहा वर्षं हे चाललं होतं. घरी आक्काला विचारणारं कुणी नव्हतं, मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा फोन. बुधवारी मात्र नऊ माणसं तिची वाट बघत पायरीवर उभी असायची.

आता कार्यवाहांनी खोलीच्या दाराला आतून कडी घातली. दहा वर्षांत त्या दाराला बुधवारी कडी लागली नव्हती.

“कुणी बाहेर जाणार नाही,” ते म्हणाले. “राग मानू नका.”

“मानला तर काय, वर्गाबाहेर उभं करणार का?” पोस्टमन म्हणाला. कार्यवाह निवृत्त शाळामास्तर होते. पण हसलं कुणी नाही.

टेबलाखाली बघितलं. खुर्च्या हलवल्या. दोन दोन कागद एकमेकांना चिकटलेत का, ते आक्कानं एकेक कोपरा उचलून तपासलं. साडेचार झाले.

“एकोणीस कुणी सांगितलं होतं?” कार्यवाहांनी विचारलं.

“मी,” शिवणवाली म्हणाली. पस्तिशीतली बाई, जिन्याखालच्या टीचभर दुकानात कपडे शिवायची. “पायऱ्या धुणारी बाई होती त्यात. नंतर लगेच आपण चहाला उठलो.”

“म्हणजे चित्र तुमच्या हातात होतं आणि सगळे उठले.”

“मी काकांना दिलं.”

“मला आठवू द्या,” घड्याळवाले काका म्हणाले. “मी पहिल्यापासून एकेक म्हणून बघतो. पहिलं होतं विहिरीचं...”

“काका, थांबा हो जरा,” आक्काच म्हणाली. तिचं डोकं घड्याळाच्या काट्याला बांधलं होतं. बत्तीस चित्रांचं पारायण ऐकायला वेळ कुठं होता?

चहा नेहमीप्रमाणं बाहेर व्हरांड्यात झाला होता, टेबलापासून लांब. उठताना लोकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या होत्या. हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं, आणि सगळ्यांनीच एकमेकांकडं बघायचं टाळलं.

“पिशव्या बघाव्या लागतील,” कार्यवाह खालच्या आवाजात म्हणाले.

“माझी आधी बघा,” पोस्टमन म्हणाला. “आयुष्यभर तिच्यात दुसऱ्यांचेच कागद असायचे.”

पण कार्यवाह शिवणवालीच्या खुर्चीपाशी थांबले. तिनं एकदा आक्काकडं पाहिलं. ‘नको’ एवढं जरी आक्का म्हणाली असती तरी कार्यवाह थबकले असते. बुधवारच्या खोलीत तिचाच शब्द चालायचा. आक्काच्या मनात आलंही. मग मनात आलं, आणि हिनंच घेतलं असेल तर? गेल्या महिन्यात ही म्हणाली होती, भिंतीवर लावायला एक तरी चित्र हवं माझ्या दुकानात. आक्का खाली बघत राहिली. तिनं खोक्याची फीत उगाच सोडली, बांधली.

“घ्या,” शिवणवाली म्हणाली आणि तिनं पिशवी स्वतःच टेबलावर उलटी केली.

मोजायची फीत निघाली. दोऱ्यांची रिळं गडगडत काकांच्या कोपरापर्यंत गेली. जेवणाचा डबा. कुणा गिऱ्हाइकाचा परकर, त्याला टाचण्या लावलेल्या. तो तिनं पटकन हाताखाली झाकला. आणि एक चौघडी केलेला कागद. कार्यवाहांनी तो उचलला, उलगडला. वही फाडून घेतलेलं पान होतं. त्याच्यावर एकाखाली एक लिहिलं होतं: काजळी. तव्याचं बूड. ओला कोळसा. मांजराची पाठ. शाई सांडल्यावर. बंद खोली.

“हे काय?”

“काळ्याचे प्रकार,” ती म्हणाली. “आजची चित्रं सगळी काळीच आहेत म्हणून आक्का म्हणाल्या होत्या. काकांना दरवेळी नुसतं काळं काळं काय सांगायचं. म्हणून आठवड्यात सुचेल तसं लिहून ठेवलं.”

कार्यवाहांनी कागदाची परत चौघडी केली. पहिल्यासारखी जमली नाही. शिवणवाली खुर्चीत बसली नाही, आणि वस्तूही गोळा करेना. पावणेपाच झाले होते.

“आता तरी मला बोलू देणार का?” घड्याळवाले काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता, आताही चढला नाही. “पायऱ्या धुणारी बाई माझ्या हातात आली होती. या पोरीनंच दिली. उजव्या कडेला फाट होती, बोटभर. मी म्हणालो, इथं फाटलंय. म्हणालो ना?”

“म्हणालात,” शिवणवाली म्हणाली.

“मग कुणीतरी ते माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, खोक्यात ठेवायला.”

“कुणी?”

काकांनी आपली बोटं नाकाशी नेली. “हाताला खळीचा वास होता,” ते म्हणाले.

खोलीत खळीचा वास येणारे हात दोनच होते, आणि ते आक्काच्या मांडीवर पडले होते.

तिला एकदम आठवलं असं झालं नाही. घराला कुलूप घातलं की नाही ते रस्त्यात आठवत नाही, तसं झालं. तिनं स्वतःच्या मागं मागं चालत जाऊन पाहिलं. काका म्हणाले, फाटलंय. तिनं हात पुढं केला. फाटलेलं काही दिसलं की चाळीस वर्षं तिचा हात पुढं जात आला होता. त्यात विचारण्यासारखं काही नसायचं. कागद घेऊन ती मागच्या खोलीत चहाचं पाणी ठेवायला गेली. खळीचं वाडगं सकाळपासून उघडं होतं. पाणी उकळेपर्यंत हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. पापुद्र्यासारखा कागद, दोन बोटं खळ, वरखाली टिपकागद, आणि शिकंजा. शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून धरायचं लोखंडी यंत्र. त्याचं चाक तिनं अडीच फेरे फिरवलं होतं. मग चहाचे कप भरले होते.

“मागं आहे,” आक्का म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं. “मीच नेलं. मीच चिकटवलं. कुणी काही घेतलेलं नाही.”

पोस्टमननं वाकून जमिनीवरचं एक रीळ उचललं आणि टेबलावर ठेवलं.

कार्यवाह तिला जवळजवळ ढकलतच मागच्या खोलीत घेऊन गेले. “काढा बाहेर. पटकन. खोक्यात ठेवा, मध्येच कुठंतरी. एक बोटभर फाट, त्या बाईंना कळणार पण नाही.”

“खळ ओली आहे. दीड तास पण नाही झाला. आत्ता काढलं तर कागद सुरकुतेल, जन्माचा.”

“आणि नाही काढलं तर? त्या आल्यावर काय सांगायचं?”

“आहे ते.”

“आक्का, तुमच्या टेबलासाठीच म्हणतोय मी.”

“माहितीय,” आक्का म्हणाली. तिचा हात शिकंज्याच्या चाकावर होता. फिरवलं असतं तर प्रश्नच मिटत होता, आज तरी. घरी जाऊन बाईंनी खोकं उघडेपर्यंत. तिनं हात काढून पदराला पुसला.

बाहेर दार वाजलं. पाचला पाच मिनिटं होती. इस्पितळातली माणसं वेळेच्या आधी येतात.

चित्रकाराची बहीण खोलीत आली तेव्हा तिला आधी दिसला टेबलावरचा पसारा, रिळं आणि परकर. मग तिनं खोकं जवळ ओढलं आणि उभ्यानं मोजायला सुरुवात केली.

“एकतीस भरतील,” आक्का म्हणाली. “एकोणिसावं शिकंज्यात आहे. त्याला कडेला फाट होती, ती मी सांधली. उद्यापर्यंत वाळायची नाही. आज देता येत नाही.”

बाईंनी मोजणं थांबवलं नाही. एकतिसापर्यंत गेल्या, मग मान वर केली.

“तुम्हाला कुणी सांगितलं सांधायला?”

“कुणी नाही. हातानंच केलं. मला कळलं ते आत्ता.”

“हातानं केलं,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं मी टाके घालणाऱ्याच्या शेजारी उभी राहिलेय. माणूस बेशुद्ध पडला असला तरी त्याच्या घरच्यांची सही घेतल्याशिवाय सुई लावायचो नाही आम्ही.”

बाईंनी खोक्याची फीत बांधली आणि हात पुढं केला.

“दाखवा.”

“कागद आत्ता उचलला तर बिघडेल. उद्या अकराला या. तुमच्यासमोर उघडते.”

बाई तिच्याकडं बघत राहिल्या, डॉक्टर येईपर्यंत पेशंटकडं बघावं तसं. “अकराला,” त्या म्हणाल्या. “आणि कागद जागेवर नसला किंवा सुरकुतलेला निघाला, तर तुमच्या समितीला पत्र लिहीन. मला लिहिता चांगलं येतं.” एकतीस चित्रं घेऊन त्या गेल्या.

शिवणवालीनं मग वस्तू भरल्या. रिळं एकेक करून पिशवीत टाकली. आक्का मदतीला वाकली तर ती म्हणाली, “राहू द्या. तुम्ही हात लावला की काय होतं ते बघितलं.” आणि काकांना वाटेत सोडायचं असायचं दर बुधवारी, तसं तिनं त्यांना हाताशी धरून नेलं.

आक्का मागं राहिली. टिपकागद बदलायला शिकंजा अलगद सैल करावा लागतो, पण आतल्या कागदाला हलू द्यायचं नसतं. सहा वाजता तिनं तो बदलला आणि चाक पुन्हा अडीच फेऱ्यांवर आणलं. सकाळी सातला येऊन परत बदलला. अकराला बाई समोर उभ्या होत्या, कार्यवाह त्यांच्या मागं. आक्कानं चाक फिरवलं, पुठ्ठा उचलला, टिपकागद सोलून काढला. पायऱ्या धुणारी बाई सपाट पडली होती, हातात बादली, पाठ वाकलेली. फाट कुठं होती ते आक्काला स्वतःला शोधावं लागलं.

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

“टाका चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “विचारून घातला नव्हता, तरी चांगला आहे.” त्यांनी चित्र पातळ कागदात गुंडाळलं. “घरी आणखी दोन खोकी आहेत. तुमच्या ताब्यात मी ती देणार नाही. बुधवारी मी घेऊन येईन, मी बसेन, मी घेऊन जाईन.”

म्हणजे टेबल राहिलं. कार्यवाह जाता जाता म्हणाले, “वाचलात,” आणि आक्का म्हणाली, “हं.”

त्याच संध्याकाळी ती जिन्याखालच्या दुकानात गेली. शिवणवाली यंत्रावर वाकली होती. आक्का दारात उभी राहून म्हणाली, “कार्यवाह तुझ्या पिशवीपाशी आले तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, तूच घेतलं असशील. खोटं कशाला बोलू.”

यंत्र थांबलं नाही. शिवण संपेपर्यंत आक्का उभी राहिली.

“माप द्यायचंय का?” शिवणवालीनं वर न बघता विचारलं.

“नाही.”

“मग सरका तिकडं. उजेड अडतोय.”

आक्का सरकली. थोडा वेळ भिंतीशी उभी राहिली आणि निघाली.

पुढच्या बुधवारी दोनला नऊच्या नऊ माणसं आली. पोस्टमन, काका, सगळे. प्रत्येकाचे हात मोकळे होते. एकाच्याही खांद्याला पिशवी नव्हती. कुणी ठरवलं होतं की आपसूक झालं, आक्कानं विचारलं नाही. शिवणवालीही आली, हात हलवत, काकांना धरून. बाई खोकं मांडीवर घेऊन टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. आक्कानं आपली खुर्ची काकांच्या शेजारून काढली आणि दारापाशी ठेवली.

शिवणवालीनं पहिलं चित्र हातात घेतलं. सांगायला लागायच्या आधी ती दाराकडं वळली.

“आक्का, खळ झाकून ठेवलीय ना?”

पोस्टमन खोकला, मग त्याला हसू फुटलं. बाईंच्याही तोंडाची एक कड हलली.

“ठेवलीय,” आक्का म्हणाली.

“मग बघा. एक कुत्रं आहे, काका. भिंतीशी झोपलंय. त्याची सावली त्याच्यापेक्षा काळी आहे, ओल्या कोळशासारखी.”

आक्कानं तेवढं चित्र ऐकलं, कुत्र्याचे कान कसे आहेत तिथपर्यंत. मग ती उठून मागच्या खोलीत गेली. विणकामाच्या तीन पुस्तकांच्या पाठी सुटल्या होत्या आणि एका नाटकाच्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं. तिनं चहाचं पाणी ठेवलं, वाडग्यावरचं झाकण काढलं, आणि पहिलं पुस्तक पुढं ओढलं.